तपकीर गल्लीत दोन रेझिस्टरसाठी पाऊण तास

सासऱ्यांच्या जुन्या मर्फी रेडिओतलं सगळं कधीच बाद झालंय, पण लाकडी खोकं अजून टणक आहे. त्यात ४ ओहमचा एकच स्पीकर आणि पीएएम ८४०३चा, आवाज मोठा करणारा (अँप्लिफायरचा) काडेपेटीहून लहान बोर्ड बसवायचा, म्हणजे अण्णांना मोबाइलवरची नाट्यगीतं मोठ्यानं ऐकता येतील, हा माझा दिवाळीतला उद्योग. बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, म्हणजे मोबाइलचा चार्जर पुरतो. पण त्याला चॅनेल दोन, डावं आणि उजवं, आणि माझा स्पीकर एक. मी नुसतं डावं चॅनेल जोडून मोकळी झाले. दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, "सूनबाई, ह्यांचा तबलजी सुटीवर गेलाय का?" त्या रेकॉर्डिंगमध्ये तबला उजवीकडे होता, आणि उजवं आम्ही घेतलंच नव्हतं.

मग ऑनलाइन एक केबल मागवली. आत डावी-उजवी तार सरळ पिळून एकत्र केलेली. तबला आला, पण आवाज बसका आणि फाटका. शेवटी वैतागून पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत गेले, तिथल्या एका चिंचोळ्या इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या दुकानात. काउंटरवर जेमतेम दोन माणसं मावतात.

काकांनी केबल उलटीसुलटी करून पाहिली. "असं जोडलंत तर फोनची दोन आउटपुटं एकमेकांनाच ओढणार. दोघांच्या वाटेत एक-एक रेझिस्टर टाका, मग गाठ मारा." पुडीत १ के ओहमचे, पाव वॅटचे दोन रेझिस्टर बांधून दिले. त्यांवरच्या पट्ट्यांचे रंग, म्हणजेच ओहमचा आकडा, वाचून घेतले: तपकिरी, काळा, लाल, सोनेरी. (तपकीर गल्लीत तपकिरी पट्टा. हसले ती मी एकटीच.) मोबाइलमध्ये खुपसायच्या पिनचं टोक डावं, मधली कडी उजवी, मागचा भाग ग्राउंड (दोघांची सामायिक परतीची तार), ग्राउंडला रेझिस्टर नाही, ती तार सरळ बोर्डावर.

खरं दुकान कळलं ते पुढच्या प्रश्नावर. मी म्हटलं, त्यापेक्षा बोर्डाचीच दोन आउटपुटं स्पीकरवर एकत्र आणते, रेझिस्टरची भानगडच नको. काका पैसे मोजायचे थांबले. "बोर्ड कुठला?" फोटो दाखवला. "ह्याच्या आउटपुटला ग्राउंड नसतं. प्लस-मायनस दोन्ही तारांवर सिग्नल असतो. एकत्र कराल तर आयसी, म्हणजे बोर्डावरची चिपच, जाईल. जोडायचं ते इनपुटला. स्पीकर एकाच चॅनेलवर, दुसऱ्याचं आउटपुट मोकळं सोडा." नवा बोर्ड विकायची आयती संधी होती, ती त्यांनी घालवली. मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी त्यांनी घाई केली नाही. माझा पाऊण तास गेला, पण त्यातली अर्धी वेळ नुसती रांग होती.

घरी येऊन डाग दिला, म्हणजे सोल्डरिंग केलं. तबला परतलाय. एकाच बाजूला असलेलं वाद्य अशा जोडणीत निम्म्या व्होल्टेजनं येतं, त्यामुळे तो जरा मागे बसल्यासारखा वाटतो. गाणं दोन्हीकडे सारखं असल्यानं जसंच्या तसं. अण्णांची तक्रार नाही. अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत डावं-उजवं एकत्र करणारं मोनो ऑडिओचं बटण असतं, त्यानं हे फुकटात झालं असतं हे मला नंतर कळलं. पण नातवानं त्याचा फोन लावला की तबलजी पुन्हा सुटीवर, म्हणून रेझिस्टरच बरे.

दुकानाला पाचपैकी एक स्टार कमी देतेय तो तिथूनच घेतलेल्या ३.५ एमएमच्या पिनसाठी. डाग देताना आतलं प्लास्टिक वितळून कडी तिरकी झाली. बदलून मिळाली नाही. काका म्हणाले, "सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली असणार." टेकवली होती, पण म्हणून काय! दुसरी पिन घ्या ती धातूच्या टोपणाची मागून घ्या. गाडी नेऊ नका, आणि तुमच्या बोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्याशिवाय काका काही सांगत नाहीत.