किरुनाचं वेळापत्रक: हाताने की गणिताने?

स्वीडनच्या उत्तरेकडची किरुना ही एलकेएबी कंपनीची लोखंडाची भूमिगत खाण. २००४ च्या सुमारास इथल्या कारखान्यांना दर महिन्याला तीन प्रतींचं खनिज ठरल्या प्रमाणात लागायचं. प्रत ठरायची ती मुख्यतः फॉस्फरसवर.

हाताने आखणारा नियोजक एकेक ब्लॉक, म्हणजे खनिजाचा खोदायचा एकेक भाग, महिन्यात बसवत जातो. कुठला भाग त्रास देणार हे अनुभवी माणसाला आधीच कळतं, हे खरं. पण एक ब्लॉक मार्चमधून मेमध्ये ढकलला, की मार्चमध्ये कमी फॉस्फरसचा माल तुटतो. तो भरून काढायला दुसरा ब्लॉक ओढावा, तर त्याच्या वरचा अजून काढायचाच असतो. घ्या पुन्हा खोडरबर!

गणिताची वाट म्हणजे मिक्स्ड इंटिजर प्रोग्रॅमिंग: अटी पाळून सगळ्यात चांगली योजना शोधायची पद्धत, जिच्यात काही उत्तरं पूर्णांकच असावी लागतात. तिच्यात 'हा ब्लॉक या महिन्यात सुरू करायचा का?' याचं उत्तर शून्य किंवा एक. खोदाईचा क्रम आणि यंत्रांची मर्यादा या अटी. ठरलेल्या टनांपासूनची तफावत कमीत कमी ठेवणं हे उद्दिष्ट. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरुनावरच्या कामात गणिताने केलेलं वेळापत्रक हाताने केलेल्यापेक्षा उद्दिष्टाच्या जास्त जवळ गेलं.

मी गणितच निवडेन, पण अटी लिहिताना जुना नियोजक शेजारी हवा. ब्लॉक वाढले की संगणकालाही घाम फुटतो. मग एखाद्या ब्लॉकसाठी जे महिने मुळातच शक्य नाहीत, ते आधी छाटावे लागतात.