१० पट भिंगाचा रिव्ह्यू: शायनिंग क्लबमॉस ओळखता आलं एकदाचं

गेल्या सप्टेंबरपासून हे घडीचं भिंग वापरतोय, वर्ष होत आलं म्हणून लिहितोय. तीन काचा एकावर एक चिकटवून केलेलं, १८ मिमीचं, स्टीलच्या कव्हरमध्ये फिरवून आत ढकलायचं, साधारण तीस डॉलरला पडलं. त्याआधी '३० पट' लिहिलेलं एक स्वस्तातलं घेतलं होतं ते पार बेकार निघालं, एका वेळी दिसायचा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा भाग, कडेला निळी-लाल किनार, आणि जंगलातल्या सावलीत तर नुसता अंधार. ३० च्या नादाला लागू नका.

घेतलं ते एका झाडासाठी, शायनिंग क्लबमॉस. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, पानं रंग बदलायला लागली की न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरात जातोच. शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च असं जंगल, आणि खाली पाचोळ्यातून वीतभर उंचीचे गडद हिरवे चकचकीत तुरे वर आलेले, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. सोबतचे सगळे शेवाळ म्हणून पुढे जातात, पण हे शेवाळ नाहीच, याच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात. फुलं नाहीत, बिया नाहीत, बीजाणूंवर चालतं, आणि ज्या ३०-३० मीटर उंच झाडांचा पुढे दगडी कोळसा झाला त्यांचं हे नातेवाईक! आईच्या होमिओपॅथीच्या पेटीत लायकोपोडियमच्या गोळ्या असायच्या ना, त्याही याच घराण्यातल्या, फक्त झाड वेगळं.

तर माझा गोंधळ व्हायचा तो ब्रिसली क्लबमॉसशी, कारण दोघांच्याही खोडावर दर वर्षाच्या वाढीनंतर कंबर बारीक झाल्यासारखं दिसतं. ब्रिसलीला शेंड्यावर बीजाणूंचा एकच शंकू येतो पण शंकू नसला की मी अडकायचो. भिंगाने ते सुटलं. गुडघ्यावर बसलो, भिंग डोळ्याला लावलं आणि तुऱ्याकडे वाकलो, तर सेंटीमीटरभर लांबीचं पान मधल्यापेक्षा टोकाकडे जास्त रुंद, आणि वरच्या अर्ध्या भागात कडेला दात, करवतीसारखे एकसारखे नाहीत, एक मोठा मग दोन बारीक असे वेडेवाकडे. हीच शायनिंग क्लबमॉसची खूण, शास्त्रीय नाव हुपर्झिया ल्युसिड्युला. मग खाली सरकलो तर पानांच्या बगलेत पिवळट पिशव्या, बारीकशा, पण घडण हुबेहूब राजम्याच्या दाण्यासारखी, त्यात बीजाणू. याला शंकू येतच नाही, पिशव्या अशा पानांतच लपलेल्या असतात.

आणि वर्षाची वाढ जिथे संपते तिथे कळीसारखी छोटी चपटी पिल्लं. पावसाचा थेंब पडला की उडून बाजूला पडतात आणि तिथे नवीन झाड, आपल्या पानफुटीच्या कडेला रोपं येतात ना तसाच प्रकार. म्हणून हे तुरे असे घोळक्याने दिसतात. पहिल्यांदा ते पिल्लू भिंगाखाली बघितलं तेव्हा बायकोला हाका मारून बोलावलं, ती पण दहा मिनिटं उठली नाही तिथून.

भिंग कमी कुठे पडतं तर पानाच्या रंध्रांना, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या बारीक छिद्रांना. वर खडकांवर याचा एक भाऊ वाढतो, ॲपलेशियन फरमॉस, त्याची पानं निमुळती, कडा जवळजवळ साफ, त्यामुळे बहुतेकदा एवढ्यावर भागतं. पण पक्कं करायला रंध्रं बघावी लागतात, ल्युसिड्युलाला फक्त पानाच्या खालच्या बाजूला, भावाला दोन्हीकडे, आणि ती १० पटात मला काही नीट दिसली नाहीत.

वापरताना भिंग डोळ्याला टेकवा आणि वस्तू अडीच सेंटीमीटरवर आणा, हात लांब करून वर्तमानपत्र वाचल्यासारखं धरलं तर काही दिसत नाही. पान तोडू नका, हे फार हळू वाढतं, आपणच वाकायचं. आणि जाड दोरी लावून गळ्यात अडकवा, सोबत आलेली दोरी दोन महिन्यांत तुटली आणि भिंग पाचोळ्यात शोधायला अर्धा तास गेला. काचेवर मात्र अजून एक ओरखडा नाही.