रत्नागिरी कमी पैशात बघायची तर: पायी, शहर बस, रिक्षा की भाड्याची दुचाकी?

गणपतीपुळ्याला येणाऱ्या मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो, रत्नागिरी अर्ध्या दिवसात होईल का आणि रिक्षा करून "सगळे पॉइंट" बघितले तर परवडेल का. होईल, परवडेल पण. पण मला मनापासून वाटतं की असं गाव बघण्यात निम्मं गाव हातातून निसटतं. ही नुसती बीचची जागा नाहीये, हे जुनं बंदर आहे. 1822 मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथे आणलं, त्याच्याही आधीपासून रत्नदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला गलबतं लागायची, आणि बंदराचं गाव गाडीच्या खिडकीतून कळत नाही, ते आळ्यांतून, उतारांवरून, माशांच्या वासातून कळतं.

आधी गावाचा आकार डोक्यात घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रत्नागिरी दोन मजली आहे असं समजा. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, त्यावर मारुती मंदिर, माळनाका, जेल नाका, थिबा पॅलेस हा भाग, आणि खाली बाजार, राम आळी, गोखले नाका, टिळक आळी करत करत मांडवीचा समुद्र. रेल्वे स्टेशन या सगळ्यापासून लांब, कुवारबावला, एसटी स्टँडपासून पाच-सहा किलोमीटर. किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर. म्हणून माझा साधा हिशेब असा की चढ गाडीने चढायचा आणि उतार पायाने उतरायचा. खाली जी तुलना केलीय ती सगळी याच हिशेबाने केलीय.

पायी

फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात भारी, पण सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर. मार्च ते मे भर दुपारी चालायला जाऊ नका, जांभ्याचा दगड असा तापतो की वर ऊन आणि खालून पण ऊन.

थिबा पॅलेसपासून सुरुवात करा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि 1886 मध्ये त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधून पुरा झाला, म्हणजे बिचाऱ्याने त्याआधीची चोवीस वर्षं इथल्या दुसऱ्या बंगल्यांत काढली आणि वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून 1916 च्या डिसेंबरमध्ये तो वारला. जांभा दगड, सागवान, रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, आत सरकारी वस्तुसंग्रहालय, तिकीट अगदी किरकोळ. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. जवळच थिबा पॉइंट आहे तिथून काजळी नदी, भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र सगळं एका नजरेत येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. वेळ असेल तर शिवाजीनगरला राजाची समाधी पण बघा. पर्यटक फारसे तिकडे वळत नाहीत, पण 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले होते, एवढं त्या लोकांना त्या जागेचं महत्त्व आहे, आणि आपण पेढे घेऊन परत फिरतो हे मला खरंच खटकतं.

तिथून उताराने बाजारात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, 23 जुलै 1856 चा जन्म, कौलारू घर, अंगण, आत फोटो आणि माहिती. घाईत गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल, पण जरा बसा, जुनं कोकणी घर आतून कसं असायचं ते लहान पोरांना दाखवायला याच्यासारखी जागा नाही. मग पतितपावन मंदिर. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते, त्या काळात भागोजीशेठ कीरांनी स्वतःचा पैसा घालून 1931 मध्ये हे मंदिर उभं केलं, सगळ्या जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं. तेव्हा ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज तिथे शांतपणे उभं राहिलं की जाणवतं. आणि मग राम आळीतून रमतगमत मांडवी, वाटेत कोकम, आमसुलं, फणसपोळी काय घ्यायचं ते घ्या, बंदराच्या तोंडाशी असलेल्या दुकानांपेक्षा आतल्या बाजारात भाव बरे असतात.

मांडवीला रत्नागिरीचं गेटवे म्हणतात ते उगाच नाही, रेल्वे नव्हती आणि घाटरस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईच्या आगबोटी इथेच यायच्या, किती घरांतली माणसं गिरणीत नोकरीला इथूनच गेली. आता जेट्टीवर संध्याकाळी भेळ आणि गर्दी असते. वाळू काळी आहे, म्हणून याला काळा समुद्र म्हणतात, आणि किल्ल्याच्या मानेच्या दुसऱ्या बाजूला मुरुगवाड्याकडे पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांच्या वाळू, दोन्ही फुकट.

पायी फिरण्यात अडचण काय, तर गुडघे आणि वेळ. हा सगळा पट्टा रमतगमत केला तर अख्खी सकाळ जाते, आणि किल्ला यात धरलेला नाही.

शहर बस

एसटीचीच शहर बस आहे, लाल डबा, आणि लोकांना माहीतच नसतं की स्टेशनपासून गावात यायला किंवा भाट्याच्या किनाऱ्याला जायला हा पर्याय आहे. चार जणांचं बसचं तिकीट मिळून सुद्धा एका रिक्षाच्या भाड्यापेक्षा कमी होतं. पण एक खरं सांगतो, वेळापत्रकावर पूर्ण भरवसा ठेवून दिवस आखू नका, दुपारी गाड्या विरळ होतात आणि रात्री उशिराच्या रेल्वेने आलात तर बस मिळेल असं धरून चालू नका, तेव्हा रिक्षाच. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, पण त्यापेक्षा भाजी घेऊन थांबलेल्या एखाद्या मावशींना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं कुठली गाडी कुठून सुटते आणि आज आलीय का.

एसटीच्या सवलती मात्र मोठ्या आहेत. गावच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढच्यांना फुकट, 65 ते 75 मधल्यांना अर्धं. शहर बसमध्ये ही सवलत गृहीत धरू नका, कंडक्टरला विचारून घ्या. आजी-आजोबा आणि दोन बायका असं कुटुंब पावस किंवा गणपतीपुळ्याला एसटीने गेलं तर खाजगी गाडीच्या तुलनेत तिकीट जवळजवळ लागतच नाही, फक्त ओळखपत्र जवळ ठेवा. आणि चार-सात दिवस कोकणभर फिरणार असाल, मालवण, दापोली, गुहागर असं, तर "आवडेल तेथे प्रवास" पास बघा, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन मिळतात. फक्त रत्नागिरी गावापुरता मात्र तो घेऊ नका, वसूल होणार नाही.

रिक्षा

रिक्षाला माझा विरोध नाही, दिवसभरासाठी करण्याला आहे. "सगळे पॉइंट" वाल्या फेरीत काय होतं की प्रत्येक ठिकाणी रिक्षा थांबलेली असते, तुम्हाला आपोआप घाई होते, मग टिळकांचं घर दहा मिनिटं, थिबा पंधरा मिनिटं, आणि बाजार तर गाडीतूनच. यात चूक रिक्षावाल्याची नाही, त्याचा वेळ म्हणजे त्याचा धंदा.

रिक्षा जिथे पैसे वसूल करते ती जागा म्हणजे किल्ला. रत्नदुर्ग, किंवा लोकांच्या तोंडी भगवती किल्ला, घोड्याच्या नालासारखा आहे, तीन बाजूंनी समुद्र, आणि पसरलाय एवढा की वर दीपगृहाकडे जायचं आणि भगवती मंदिराच्या बालेकिल्ल्यावर पण जायचं तर पाय बोलायला लागतात. शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये हा आदिलशहाकडून घेतला. प्रवेश फुकट. तर एका बाजूचीच रिक्षा करा, भाडं बसायच्या आधी ठरवा, वर सोडायला सांगा आणि रिक्षा परत पाठवून द्या. मग निवांत तटावरून फिरा, एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाली मिरकरवाड्याचं बंदर, रंगीत होड्या खचाखच लागलेल्या, हे बंदर का इथेच वसलं ते तटावर उभं राहिलं की कुणी न सांगता कळतं, कारण डोंगर वारा अडवतोय आणि आत पाणी गप्प आहे. आणि मग पेठकिल्ल्यातून चालत खाली उतरा.

मिरकरवाडा सकाळी बघायचा, होड्या येतात तेव्हा. राज्यातल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी हे एक आहे. लिलाव, बर्फाचे डबे, टोपल्या डोक्यावर घेऊन पळणाऱ्या बायका, सुरमई, बांगडा, म्हाकूल, सगळं डोळ्यासमोर. तिकीट नाही, गाईड नाही. फक्त कामाच्या वाटेत उभं राहू नका, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि जुनी चप्पल घाला. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी जाऊन नाक मुरडण्यापेक्षा तटावरूनच बघावं, त्या लोकांचं ते पोट आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या दिसतील, लिलाव नाही.

भाड्याची दुचाकी

दोघं असाल, लायसन्स असेल आणि आरे-वारेचा रस्ता डोक्यात असेल तर याच्यासारखं सुख नाही. रत्नागिरी ते गणपतीपुळे समुद्राकडेने साधारण 25 किलोमीटर, वळणावर अचानक खाली आरे आणि वारे असे दोन्ही किनारे दिसतात, तिथे एसटी तुमच्यासाठी थांबणार नाही, दुचाकी थांबते. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर. पण नुसतं गाव बघायला दुचाकी घेणं म्हणजे पैसे वाया, बाजारात पार्किंगला जागा नाही, राम आळीत गाडी ढकलत बसाल. पावसाळ्यात सड्यावरचे रस्ते शेवाळून निसरडे होतात, सवय नसेल तर टाळाच. घेताना आधीचे ओरखडे मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डिपॉझिटचं लेखी घ्या.

शेजारी शेजारी मांडायचं तर माझं मत असं:

- एकटे किंवा मित्र असाल: स्टेशनहून बस, थिबा ते मांडवी पायी, दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा आणि तिथूनच किल्ला चढून. रिक्षा शून्य.
- लहान पोरं बरोबर: किल्ल्याला एक बाजू रिक्षा, बाकी बस. पोरांना मत्स्यालय नक्की दाखवा, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं आहे, तिकीट थोडंसं आणि आत देवमाशाचा सांगाडा. त्याच्यापुढे बाकी सगळं विसरतात.
- वयस्कर आई-वडील: इथे काटकसर नको. थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट रिक्षाने, संध्याकाळी भाट्याला सपाट वाळूवर नेऊन बसवा. किल्ल्याच्या पायऱ्यांचा हट्ट त्यांच्याकडून करून घेऊ नका.
- जोडीने, दोन दिवस: एक दिवस पायी गाव, एक दिवस दुचाकी आरे-वारे.

जेवणाचं पण याच हिशेबात येतं. समुद्रासमोरच्या हॉटेलात माशाचं ताट घेतलं तर दिवसभर वाचवलेले पैसे एका बसणीत जातात. बाजाराच्या आसपासच्या खानावळीत दुपारी जा, जिथे ऑफिसातली माणसं जेवतायत तिथे, बांगड्याचं ताट मागा, सुरमई-पापलेट मागितलं की भाव वेगळा. शाकाहारी असाल तर घावणे, आंबोळी, उसळ, आणि सोलकढी दोन्हीकडे.

आता पाण्यावरून बंदर बघायचं असेल तर. बोटीची फेरी, डॉल्फिन वगैरे यावर माणशी बराच खर्च होतो आणि डॉल्फिन दिसतीलच याची खात्री कोण देणार. त्यापेक्षा एक दिवस मोकळा असेल तर एसटीने जयगडला जा, किल्ला फुकट बघा, आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीत पायी प्रवासी म्हणून चढा, शास्त्री नदीच्या मुखावरून पलीकडे आणि परत. माणसाचं तिकीट किरकोळ असतं, गाड्या, बाजारहाट घेतलेली माणसं, शाळेची पोरं सगळी त्याच बोटीत, आणि पाण्यातून किल्ल्याचा तट दिसतो तो जमिनीवरून कधीच तसा दिसत नाही. परतीची शेवटची एसटी कधी आहे ते मात्र जयगडला उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा, ती चुकली तर त्या एका रिक्षाच्या भाड्यात दोन दिवसांची बचत जाईल.