लातूरची एक निवासी शाळा : शिस्तीपुरता अभिप्राय

माझा मुलगा लातूर शहरातील एका खासगी विनाअनुदानित निवासी शाळेत सहावी आणि सातवी अशी दोन वर्षे शिकला. शाळेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे या भागातल्या अनेक निवासी शाळांना लागू पडेल. शिकवणे उत्तम, स्वच्छता ठीक, वरण पातळ, त्याबद्दल इतकेच. प्रवेशाच्या वेळी खेड्यापाड्यांतून आलेला प्रत्येक पालक सर्वांत आधी 'शिस्त कडक आहे ना?' असे विचारतो, आणि मीही तेच विचारले होते, म्हणून अभिप्राय शिस्तीविषयीच देतो.

सहावीच्या वर्षी दिवाळीनंतर एका रात्री नऊच्या सुमारास मुलगा आणि त्याचे दोन मित्र कुंपणाची भिंत ओलांडून समोरच्या गाड्यावर भजी खायला गेले आणि सापडले. चूक लहान नव्हती; रस्ता वाहता आहे. रेक्टरांनी त्या खोलीतल्या सर्वच्या सर्व बावीस मुलांना अर्धा तास अंगठे धरून उभे केले, तिघांना पाचशे रुपये दंड लावला आणि पुन्हा असे घडल्यास दाखला हातात देऊ, अशी तंबी दिली. मी अहमदपूरहून एसटीने जाऊन दंड भरला. पावतीवर 'इतर शुल्क' असे लिहिले होते. पाचशे रुपये कोणी आणि कुठून भरले, हे मुलाला मी सांगेपर्यंत ठाऊकही नव्हते.

वर्गशिक्षिका बाईंनी मात्र तिघांकडून घडला प्रकार लिहून घेतला. माझ्या मुलाच्या दीड पानी खुलाशात शेवटी एक ओळ होती : 'जेवण साडेसहाला होते, नऊला परत भूक लागते.' बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली, तो कागद घेऊन त्या स्वतः भोजनगृहात गेल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून साडेआठला मुलांना मूठमूठ फुटाणे मिळू लागले. याचा अर्थ त्यांनी सोडून दिले असा नाही. पंधरा दिवस रात्रीच्या हजेरीला पहारेकऱ्यासोबत उभे राहून मुले मोजण्याचे काम त्यांनी या तिघांनाच दिले. एक डोके कमी भरले की काय धावपळ होते, हे मुलाने तिसऱ्याच रात्री पाहिले. त्यानंतर त्या वर्षी तो भिंतीकडे फिरकला नाही.

1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींस मनाई आहे, आणि कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे सहावीतल्या मुलाला दाखल्याची भीती घालणे हे नुसतेच भीती घालणे आहे. कार्यालयात मी हे सौम्य शब्दांत मांडले, तेव्हा लिपिक म्हणाले, "साहेब, पालकच सांगून जातात, काय बी करा पण लेकराला वळण लावा." ते खोटे बोलत नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेवर अशी समिती बंधनकारक नसल्याने आमचे गाऱ्हाणे त्या खिडकीपाशीच संपले. रेक्टरांनाही एकट्यालाच दोष देता येणार नाही. एकशेचाळीस मुलांमागे एकच माणूस नेमला, तर तो खुलासे वाचत बसेल कधी?

बाईंसाठी मी या शाळेला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण बाईंची रीत ही बाईंचीच होती. शाळेच्या नियमपत्रकात तिचा एक शब्दही नव्हता, तिथे होते ते दंडाचे दरपत्रक. म्हणून प्रवेश घेणाऱ्यांनी 'शिस्त कडक आहे ना?' असे विचारण्याऐवजी एका रेक्टरमागे किती मुले आहेत, दंड कोणत्या नावाखाली जमा होतो आणि पहिल्या चुकीनंतर मुलाचे म्हणणे कोण ऐकून घेते, हे विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.

सातवीला वर्गशिक्षक बदलले. जूनमध्येच फुटाणे बंद झाले, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाला आणायला गेलो तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर काचा बसवलेल्या दिसल्या.