मोजणीचं चाक: सिमेंटवर चोख, काळ्या रानात जपून

मी तारकंपाउंडची कामं घेतो. इतकी वर्षं 30 मीटरच्या टेपने मोजलं. टेपचं दुसरं टोक धरायला एक गडी अडकतो, आणि वारं असलं की टेपला झोल पडतो तो वेगळाच. म्हणून दिवाळीत ढकलायचं मोजणीचं चाक घेतलं, 2300 रुपयांना.

दुकानदार 16 सेंटीमीटरचं घडीचं चाक गळ्यात मारत होता, मी मोठं घेतलं. व्यास 318 मिलिमीटर. 22/7 ने गुणा, 999 येतात. म्हणजे एक फेरा, एक मीटर. दांड्यावरचा काउंटर फेरेच मोजतो, दुसरी काही जादू नाही. सिमेंटच्या रस्त्यावर टेप अंथरून शेजारून चालवून बघितलं, 30 मीटरला बोटभरही फरक नाही.

दणका बसला जूनमध्ये. काळं रान, वाफसा यायच्या आधीच मालकाची घाई. बांधाच्या कडेने चाक फिरवलं, आकडा आला 600. तीन मीटरवर एक, असे 200 खांब उतरवले. रोवत आलो तर शेवटाला चार कमी! चार खांबांसाठी टेम्पोची वेगळी खेप, भाडं माझ्या अंगावर.

घरी चाक धुताना उलगडा झाला. रबरावर चिखलाचा 3 मिलिमीटरचा थर बसला होता. दोन्हीकडून मिळून व्यास 6 ने वाढला, परीघ 19 ने. दर फेऱ्याला चाक 19 मिलिमीटर जास्त चालतंय आणि काउंटर बापडा एक मीटरच लावतोय. 600 फेऱ्यांत 11 मीटर गेले. छोटं चाक असतं तर 19 तेच, पण फेरे दुप्पट, म्हणजे 23 मीटरला खड्डा. ते घेतलं नाही हे नशीब.

आता दांड्याच्या दुबेळक्यात पत्र्याची पट्टी बसवलीय, माती खरडली जाते. ती खरं तर कंपनीनेच द्यायला हवी होती. काउंटरचे आकडे बारीक आहेत, चाळिशी असेल तर चष्मा घेऊन जा. स्टँड लेचापेचा, चाक ठेवलं की आडवं होतं.

आणि याचा आकडा घेऊन भावकीत बांधावरून भांडायला जाऊ नका, त्याला सरकारी मोजणीच लागते. खांब-तारेच्या अंदाजाला मात्र 5 पैकी 4.