व्हे प्रोटीनचे आठ महिने: रग्बी खेळणाऱ्या मुलाच्या आईचा अनुभव (बडोदा)

माझा मुलगा सतरा वर्षांचा, सेव्हन्स रग्बी (एका बाजूला सात खेळाडू) खेळतो. गेल्या जुलैत वजन 61 किलो होतं आणि टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायला गेला की समोरचा त्याला सहज झटकून पुढे निघायचा. "आई, सगळे पावडर घेतात" हे रोजचं झाल्यावर व्हे कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, 1 किलोचा, बिनफ्लेवरचा डबा आणला.

डबा फोडण्याआधी आठवडाभर त्याचं खाणं वहीत लिहिलं. हे प्रत्येक आईबापाने करावंच. खेळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे याला निदान 85 ग्रॅम. आमच्या शाकाहारी घरात वरण-भात, पोळी, ताक सगळं धरून बेरीज 55 च्या आसपास येत होती. पहाटे चहा-खारीवर ग्राउंड, तिथून थेट शाळा, मधल्या सुट्टीत सेवउसळ. नीट जेवण काय ते रात्री साडेनऊला!

पावडर कामी आली ती या सकाळच्या उपाशी वेळेत. 30 ग्रॅमच्या चमच्यात 24 ग्रॅम प्रथिनं, ग्राउंडवरच पिऊन होतं. पहिले दहा दिवस दुधातून दिली तर पोट फुगायचं. कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडं लॅक्टोज (दुधातली साखर) असतंच, त्यात दुधातलं वेगळं. पाण्यातून द्यायला लागले आणि तक्रार थांबली. चव सपक आहे, पण सवय होते.

आज वजन 65.5 आहे. पण श्रेय एकट्या डब्याचं नाही. त्याच काळात रग्बीच्या सरांनी त्याला स्क्वॉट (बैठकांसारखा व्यायाम) नीट शिकवले आणि मी रात्री दहाला मोबाइल काढून घ्यायला लागले. पैशांचंही सांगते: डबा 2,400 चा, त्यात 33 चमचे, म्हणजे एक चमचा जवळपास 73 रुपये. तेवढीच प्रथिनं 50 ग्रॅम सोया वड्यांत मिळतात, फार तर दहा रुपयांत. म्हणून आता पावडर फक्त प्रॅक्टिसच्या चार दिवशी, बाकी दिवस वड्यांची भाजी आणि खंडेराव मार्केटातून आणलेले शेंगदाणे.

दुसरा डबा स्वस्तात मिळाला म्हणून एका दुकानातून घेतला. झाकणाखालचं सील सैल, कोड स्कॅन केला तर काहीच उघडेना. दुकानदाराने परत घेतला नाही, मी तो टाकून दिला. डोपिंगच्या (खेळात बंदी असलेली द्रव्यं घेण्याच्या) नियमांत अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. तेव्हापासून ज्याची बॅच बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासलेली असते तोच डबा आणते, महाग पडला तरी.

नोव्हेंबरात एका सीनियर मुलाने त्याला प्री-वर्कआउट (व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर) दिलं. पोरगं रात्री दोनपर्यंत जागं, छाती धडधडतेय. लेबल मागवून पाहिलं तर एका चमच्यात 300 मिलिग्रॅम कॅफिन! त्या दिवशी मी खरंच घाबरले. ते घरात परत येणार नाही. क्रिएटिनचाही (ताकद वाढवायला घेतात ती पावडर) आग्रह झाला. मोठ्यांमध्ये त्याचा चांगला अभ्यास झालाय, आणि सुरुवातीला वाढणारं वजन बरंचसं स्नायूंतल्या पाण्याचं असतं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 18 च्या आतल्यांना ते घेऊ नका म्हणते, म्हणून आम्ही थांबलोय.

ऑक्टोबरच्या उन्हात प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर वजन केलं तर 1.2 किलो कमी भरलं, म्हणजे तितके लिटर घाम. तेव्हापासून लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या सोबत असतात.

मॅचच्या दिवशी पावडर देतच नाही. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, दिवसात तीन मॅच, मध्ये पोट जड झालं तर धावणार कसा? केळं आणि गुळाची चिक्की चालते. सासरे तरुणपणी जुम्मादादा व्यायामशाळेत मल्लखांब करायचे, त्यांना डबा पहिल्यापासून पटला नव्हता. सासूबाई डाळं-शेंगदाण्याचे लाडू करतात. मागच्या स्पर्धेला वीस दिले होते, टीमने पहिल्या मॅचनंतरच संपवले. पुढच्या वेळी चाळीस लागतील.