भारनियमनाची सूचना: भोंगा की व्हॉट्सअ‍ॅप?

‘वीज वाचवा’ एवढ्यावर खानदेशच्या केळीपट्ट्यात कुणी मोटार बंद करत नाही. ५ एचपीची मोटार तासाला साधारण पावणेचार ते साडेचार युनिट खाते. फीडर (कुठली वीजलाईन), वेळ, आकडा सांगितला तरच पटतं.

व्हॉट्सअ‍ॅप झटपट पोचतं. पण तारीख नसली की कालचाच मेसेज आज फिरतो आणि माणसं रात्री उगाच मळ्यात जातात.

रिक्षावरचा भोंगा दुपारी रिकाम्या गल्लीत ओरडतो. सकाळी ७ च्या आत किंवा दिवेलागणीला फिरवा. रावेरात लेवा बोलीत, शिरपुरात अहिराणीत, ३० सेकंदच. ‘ऑटो स्विच काढा’ हे भोंग्यावरूनच सांगावं: त्यामुळे वीज येताच साऱ्या मोटारी आपोआप एकदम उचलतात, सुरुवातीचा करंट नेहमीच्या ५-६ पट, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडालाच समजा. ऐनवेळी वेळापत्रक बदललं, तर मात्र मेसेजच बरा.